पंधराशे माणसांचा तुकडा

सव्वीस वर्षं मी शाळेची बस चालवली. त्यामुळे सत्त्याण्णवच्या जानेवारीत काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, नकाशा कार्यालयातून माझ्या नावानं पाकीट आलं, तेव्हा मला वाटलं, कुणीतरी बसच्या थांब्याबद्दल तक्रार केली असणार. पाकीट फोडलं तर आत भलतंच. तीन वर्षांनी जनगणना आहे, तिच्यासाठी हॅल्सी काउंटीचे लहान लहान तुकडे पाडायचे आहेत, त्या समितीत श्रीमती आर्लीन किवेला यांनी यावं.

"तुला कशाला बोलावतायत?" माझा नवरा रॉय म्हणाला. "तू काय मोजणार?"

"मला काय ठाऊक? तुला विचारून बोलावलं असतं तर बरं झालं असतं."

मुम्मू खिडकीशी पाय वर करून बसली होती. मुम्मू म्हणजे माझी सासू, सायमा. नातवंडं तिला मुम्मू, म्हणजे आमच्या फिन्निश भाषेत आजी, म्हणायची म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. चौऱ्याऐंशी वर्षांची. साखरेचं दुखणं, आणि डाव्या घोट्याच्या वर एक जखम होती, ती दोन वर्षं भरत नव्हती. दर बुधवारी पट्टी बदलायला मी तिला बावन्न मैलांवरच्या हॉस्पिटलात न्यायची. बर्फानं रस्ता बंद झाला की मीच घरी, नर्सनं दाखवलं होतं तसं, दात घट्ट मिटून करायची. दात माझे, ती बाई कधी हूं की चूं करत नसे.

"जा गं," मुम्मू म्हणाली. "निदान कॉफी तरी फुकट मिळेल."

कॉफी मिळाली, पण ती पिण्यासारखी नव्हती. कोर्टाच्या इमारतीच्या तळघरात एका लांब टेबलावर काउंटीचा नकाशा पसरलेला, आणि त्याच्या डोक्याशी डेल्बर्ट वॉस उभे. तीस वर्षं हा माणूस काउंटीचे नकाशे काढत होता. कानावर पेन्सिल, कपाळावर एक चष्मा, नाकावर दुसरा. आपण हसलो तर नकाशा चुरगळेल असा चेहरा. टेबलाभोवती आम्ही सहा जण होतो. माझ्या शेजारी मिस्टर प्रेंटिस बसले होते, विमा कंपनीतून निवृत्त होऊन सरोवराकाठी सीडर पॉइंटला घर बांधून राहिलेले. मोठे अदबशीर गृहस्थ, सगळ्यांना खुर्च्या ओढून देणारे.

मी वॉसना सरळ विचारलं, "मी इथे कशाला?"

"कारण तुमची बस ज्या दारापर्यंत जाते, तिथपर्यंत माझा एकही नकाशा पोचत नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या विषयाकडे वळले.

विषय असा होता. काउंटीचा आकडा एकटा काही सांगत नाही. म्हणून तिचे तुकडे पाडतात, आणि जनगणना झाली की प्रत्येक तुकड्याचे आकडे वेगळे निघतात: माणसं किती, म्हातारी किती, कमाई काय, घरात पाणी आहे की नाही. पुढची दहा वर्षं सरकार त्या आकड्यांकडे बघून ठरवतं, कुठे काय द्यायचं. आमच्या काउंटीत अकरा हजार माणसं आणि तुकडे तीन. आमचा तुकडा सगळ्यांत मोठा. त्यात आमचं गाव लेहतो, नदीपलीकडची खाणकामगारांची वस्ती नंबर फोर, आणि सरोवराच्या काठानं सीडर पॉइंटची सगळी घरं.

वॉसनी गेल्या जनगणनेचा कागद माझ्यापुढे सरकवला. आमच्या तुकड्याची सरासरी कमाई राज्याच्या सरासरीहून जास्त होती.

"कुणाची?" मी म्हटलं. "आमची?" आणि मला हसू फुटलं. लाकडाची गिरणी जळाल्यापासून लेहतोत अर्ध्या लोकांना धड नोकरी नव्हती. नंबर फोरची खाण तर अडुसष्टमध्येच बंद पडली, आणि तिच्याबरोबर कंपनीचा दवाखानाही गेला.

मग हसता हसता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दवाखान्यासाठी आम्ही दोनदा राज्याकडे अर्ज केला होता. लेहतोत दारोदार फिरून सह्या मीच गोळा केल्या होत्या. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं: आपल्या भागाची परिस्थिती मदतीला पात्र ठरत नाही. आम्हाला वाटलं, वशिला नाही म्हणून. खरं कारण हा कागद होता. सीडर पॉइंटच्या श्रीमंत घरांत आमची गरिबी बेमालूम मिसळून गेली होती.

"मिस्टर वॉस, आमचा तुकडा वेगळा करता येतो का?"

त्यांनी खालचा चष्मा वर आणि वरचा खाली केला. "दोन गोष्टी लागतात. एक, कमीत कमी पंधराशे माणसं. दोन, रेघ डोळ्यांना दिसेल अशा वस्तूवरून गेली पाहिजे. रस्ता, नदी, रूळ. मनातल्या रेघा चालत नाहीत."

मिस्टर प्रेंटिस हळूच म्हणाले, "पण तोडायचं कशाला? आपण सगळे शेजारीच ना?"

ते मनापासून बोलत होते. मला त्यांचा राग आला नाही. पण मुम्मूचा पाय त्यांनी पाहिला नव्हता.

घरी आल्यावर मी शाळेची एक कोरी वही घेतली आणि बसचा रस्ता मनात चालवायला सुरुवात केली. लार्सनच्या वळणावर पाच माणसं. टपालपेटीला हिरवा रंग असलेल्या घरात तीन, पण थोरला लष्करात, म्हणजे दोन. शाळेत मुलं नसलेली घरं मुम्मूनं सांगितली. कोण वारलं, कोण लेकीकडे गेलं, कोण रुसून जंगलातल्या खोपटात राहतं, सगळं तिला तोंडपाठ. चार दिवस आम्ही दोघी वेलदोड्याचा पाव खात मोजत होतो. लेहतोची माणसं भरली एक हजार बासष्ट.

"चारशे अडतीस कमी पडतायत," मी म्हटलं.

मुम्मूनं पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "नंबर फोरला असतील की तेवढी."

रॉय उठून बाहेर गेला. दार जरा जोरातच लागलं.

हे सांगायला हवं. एकाहत्तर सालच्या ऑगस्टमध्ये लेहतोची लाकडाची गिरणी पेटली. तेव्हा आमच्याकडे बंब नव्हता, नंबर फोरकडे होता. तो निघाला, पुलापर्यंत आला, आणि तिथेच थांबला. गिरणी दोन तासांत बसली. रॉय आणि त्याचे वडील दोघेही तिथे कामाला होते. नंबर फोरवाले म्हणत, पूल कुजलेला होता, भरलेला बंब त्यावर घालणं म्हणजे चार माणसं नदीत लोटणं. आमचे लोक म्हणत, त्या लोकांनी मुद्दाम पाहत उभं राहणं पसंत केलं. त्या बंबावर मुख्य होता अँटन स्टिमॅक. त्याचा मुलगा फ्रँक माझ्याच वर्गात होता, आणि आता नंबर फोरचा कारभार तोच बघायचा. सव्वीस वर्षांत रॉयनं त्याला रस्त्यात साधा हात केला नव्हता.

मी शनिवारी सकाळी पूल ओलांडून फ्रँककडे गेले. तो अंगणातला बर्फ उपसत होता.

"अरे वा! किवेलाबाई!" तो फावड्यावर रेलून म्हणाला. "पूल पडला नाही ना गं तुझ्या वजनानं?"

"पडला असता तर तुझा बंब आला असता ना काढायला."

तो मोठ्यानं हसला. "ये आत. नाहीतर गोठशील आणि तेही आमच्याच नावावर लावाल."

त्याची बायको मिल्का हिनं अक्रोडाचं सारण भरलेली पोळीसारखी गुंडाळी कापून पुढे ठेवली. मी नकाशा पसरला, सगळं सांगितलं. फ्रँक ऐकत होता आणि मान हलवत होता.

"म्हणजे तुम्हाला आमची चारशे डोकी हवीत. एवढी वर्षं आमचं तोंड बघवत नव्हतं, आता डोकी चालतात."

"दवाखाना तुमचाही होईल फ्रँक."

"आणि या तुकड्याचं नाव काय ठेवणार? लेहतो? मी इथल्या लोकांना सांगू की आजपासून तुम्ही लेहतोचे?"

"नाव नसतं रे. नुसता नंबर असतो."

"नुसता नंबर?"

"नव्वद बावीस की काहीतरी."

तो खुर्चीत मागे रेलला. "मग जमेल," तो म्हणाला. "नंबरावर कोण भांडणार!"

मिल्कानं सुरी खाली ठेवली. आता ती म्हणाली, "फ्रँक, नीट सांग ना तिला. चेष्टा काय करतोस?" मग माझ्याकडे वळली. "आर्लीन, आमची नात गाडीत जन्मली. हॉस्पिटल अठरा मैल राहिलं होतं. हरणं रस्ता ओलांडतात अशी पाटी आहे ना, तिच्याखाली. मी माझ्या कोटात गुंडाळली तिला. डिसेंबर होता. आधीच्या दोन्ही अर्जांवरही आम्ही सही केली असती, पण कुणी विचारायलाच आलं नाही."

गुंडाळीचा आणखी एक तुकडा मी भूक नसताना खाल्ला, कारण दुसरं काय करावं सुचेना.

माणसं जमली. रेघ राहिली. नंबर फोर आणि सीडर पॉइंटच्या मध्ये नुसतं जंगल. रस्ता होता, पण तो वळसा घेऊन दीडशे बंगल्यांना पोटात घालत होता. वॉस म्हणाले, त्या रस्त्यानं गेलो तर सरासरी परत फुगेल. मग एक जुना नकाशा उघडून त्यांनी पेन्सिल टेकवली. खाणीतून सरोवराकडे खनिज न्यायची आगगाडी इथून जायची. रूळ कधीच उचलले होते, पण मातीचा भराव असेल तर ती दिसणारी वस्तू.

"असेल का?" मी विचारलं.

"कागदावर आहे. पण डेट्रॉइटच्या जनगणना ऑफिसला मी कागद बघून खात्री देत नाही. चालून बघायला हवं. कुणीतरी वाट माहीत असलेलं द्या."

ती वाट माहीत असलेले दोनच लोक होते. फ्रँकनं तरुणपणी त्या रुळांवर काम केलं होतं. आणि रॉय तिथे बीव्हरसाठी, म्हणजे ओढ्यात बांध घालणाऱ्या त्या केसाळ प्राण्यासाठी, सापळे लावायचा.

मी रॉयला सांगितलं. निघायच्या दिवशी तो बूट घालत असताना मुम्मूनं त्याला फिन्निशमध्ये एकच वाक्य ऐकवलं. मला अर्धंच समजलं, पण त्यात रॉयच्या वडिलांचं नाव होतं. एप्रिलचा पहिला आठवडा, बर्फ अर्धा वितळलेला, खाली चिखल. बासष्ट वर्षांचे, गुडघ्यांनी अधू झालेले वॉस गळ्यात कॅमेरा अडकवून पुढे, आणि एकमेकांशी न बोलणारे दोघे मागे.

पुढचं मी तिघांकडून तीन प्रकारे ऐकलं. भराव होता. सहा मैलांत जवळजवळ सगळीकडे स्पष्ट दिसत होता. वॉस दर पाव मैलाला फोटो काढून वहीत लिहीत होते. चौथ्या मैलावर बीव्हरनी बांध घालून तळं केलं होतं आणि भराव पाण्याखाली गेला होता. वॉस बघायला पुढे झाले, बर्फ पायाखाली मोडला आणि ते कमरेपर्यंत आत गेले. कॅमेरा मात्र त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता. त्यामुळे कुणाला त्यांचा हात धरता येईना.

"हात द्या!" रॉय ओरडला.

"आधी कॅमेरा घ्या!"

शेवटी फ्रँक बर्फावर पोटावर आडवा झाला, रॉयनं फ्रँकचे पाय धरले, आणि तिघांचं लटांबर कसंतरी काठावर आलं. रॉयचं शिकारीचं खोपट अर्ध्या मैलावर होतं. तिथे त्यानं सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, पेटवली. कपडे वाळेपर्यंत तिघेही उघडे, वाफेत बसून. वॉस म्हणे सारखे म्हणत होते, "तळ्याचा काठही दिसतो. तिथे रेघ काठानं न्यायची. काही हरकत नाही."

रॉय संध्याकाळी घरी आला. कोट खुंटीला लावला. "अँटन स्टिमॅक मरेपर्यंत त्या पुलाबद्दल बोलायचा म्हणे," एवढंच म्हणाला. पूल खरंच कुजलेला होता की नाही, ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. पण पुढच्या रविवारी फ्रँक आमच्याकडे गाडीची बॅटरी मागायला आला, आणि रॉयनं ती स्वतः बसवून दिली. आमच्याकडे याहून जास्त कुणी काही बोलत नाही.

मेमध्ये शेवटची बैठक झाली. वॉसनी नवी रेघ दाखवली. मिस्टर प्रेंटिसनी बराच वेळ नकाशा बघितला. मग त्यांनी विचारलं, "मिसेस किवेला, तुमच्याकडे सर्वांत जवळचा डॉक्टर किती लांब?" मी सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या गल्लीत तीन निवृत्त डॉक्टर आहेत. गोल्फ खेळतात." आणि त्यांनी सगळ्यांत आधी हात वर केला.

डेट्रॉइटहून एकदा कागद परत आला. माणसं पंधराशे आहेत याचा आधार काय? वॉसनी माझी वही मागितली. घर, रस्ता, माणसं असा तक्ता त्यांनी स्वतः बसून तयार केला. त्याला अकरा पानं झाली. नोव्हेंबरमध्ये मंजुरी आली.

पण मंजूर झालं ते फक्त रिकामं भांडं होतं. दोन हजार सालच्या वसंतात खरी मोजणी झाली आणि मी आणि फ्रँक पुन्हा दारोदार. आमच्या भागात लोक सरकारी कागद चुलीत घालतात. जंगलातल्या त्या रुसलेल्या माणसानं दार उघडलं नाही, आतूनच ओरडला, "मी इथे राहत नाही!"

"मग बोलतंय कोण?" फ्रँक म्हणाला.

थोड्या वेळानं दाराच्या फटीतून कागद भरून बाहेर आला.

आमची संख्या लागली पंधराशे एकोणीस. मी तो आकडा वर्तमानपत्रातून कापून फ्रिजवर लावला. पहिल्यांदाच आमची कमाई, आमचं वय, आमची रिकामी घरं, जसं होतं तसं कागदावर आलं. लाज वाटेल असं होतं ते. पण मला तो कागद वाचून रडू आलं, ते लाजेनं नव्हे.

तिसरा अर्ज दोन हजार दोनमध्ये गेला आणि मंजूर झाला. पुढच्या वर्षी जूनमध्ये पुलाच्या नंबर फोरकडच्या टोकाला, जुन्या बँकेच्या इमारतीत दवाखाना उघडला. तीन खोल्या. एक नर्स, तिचं नाव डेनीस, सगळं औषधपाणी तीच बघायची. मंगळवार आणि शुक्रवार डॉक्टर. आमच्या दारापासून गाडीनं अकरा मिनिटं.

मुम्मू तेव्हा नव्वद वर्षांची होती. पहिल्या आठवड्यात मी तिला घेऊन गेले. डेनीसनं पट्टी सोडली, जखम बघितली आणि विचारलं, "आजी, दुखतं का?"

"दुखतं तर," मुम्मू म्हणाली. आठ वर्षांत मी तिच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला. बावन्न मैल गाडीत बसून आल्यावर ती कधी म्हणाली नव्हती, मला वाईट वाटेल म्हणून.

आठवड्यातून तीनदा पट्टी व्हायला लागली. जखम ऑक्टोबरात भरली. मुम्मू त्यानंतर तीन वर्षं जगली आणि स्वतःच्या दोन पायांवर सौनाला जात राहिली. दवाखान्यात तिची एकच तक्रार असायची, बाकांवर उशा नाहीत. शेवटी तिनं चार विणून दिल्या.

वॉस दवाखाना उघडण्याआधीच निवृत्त होऊन विस्कॉन्सिनला बहिणीकडे गेले होते. मी त्यांना पत्र लिहायला किती वेळा बसले असेन. चार ओळींपुढे जाता येईना. आमच्या लोकांत आभार मानत नाहीत, कॉफी पुढे करतात. मुम्मू गेल्यावर त्या उन्हाळ्यात मी रॉयला म्हटलं, चल. आम्ही निघालो तर फ्रँक आणि मिल्का पुलापाशी गाडी घेऊन उभे. आम्हाला सोडून कसे जाता, म्हणे.

वॉस बहिणीच्या अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. चष्मा आता एकच होता, जाड. आम्हा चौघांना बघून गोंधळले.

"काही चुकलं का रेघेत?"

"नाही हो," मी म्हटलं. "काही चुकलं नाही."

मग मी सांगत गेले. मुम्मूचा पाय. मिल्काच्या धाकट्या लेकीचं बाळंतपण, त्यात डेनीसनं वेळीच ओळखलेला रक्तदाब. जंगलातला रुसलेला माणूस दर महिन्याला येतो, नाव चुकीचं सांगतो, पण येतो. रॉयची छाती एका फेब्रुवारीत दुखायला लागली आणि तो आज इथे उभा आहे. त्या बर्फात बावन्न मैल गेलो असतो तर नसता.

वॉस हातातली दोरी बोटाला गुंडाळत होते. "मी फक्त रेघ काढली, मिसेस किवेला. माणसं तुम्ही आणली."

"बर्फात तुम्ही गेलात," रॉय म्हणाला.

"कॅमेऱ्यासकट," फ्रँक म्हणाला.

त्यांच्या बहिणीनं दारातून हाक मारली, जेवायला किती माणसं आहेत म्हणून. वॉस आमच्याकडे बघून हसले. नऊ वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं, आणि तो चेहरा मुळीच चुरगळला नाही, उलट उजळला. मी पुढे होऊन त्यांचे मातीनं माखलेले दोन्ही हात धरले आणि आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं इतक्या मोठ्यानं म्हटलं, "तुमचे फार उपकार आहेत आमच्यावर."

हात त्यांनी बराच वेळ सोडवून घेतले नाहीत. मग आम्ही सगळे आत जेवायला गेलो.